सिंधूने फौजदाराला काय सांगितले?

‘नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद मागायची कुणाकडे?’ ही म्हण आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. म्हणी रचणारी माणसे चतुर असतात. दोन अगदी वेगळ्या गोष्टी ती एकाच दावणीला बांधतात, आणि ऐकणारा विचार करण्याआधीच मान डोलावून मोकळा होतो. मला मात्र ही म्हण ऐकली की वाटते, तिच्या कर्त्याने पावसाकडे नीट पाहिलेले नाही. पाऊस झोडपू लागला म्हणजे माणूस दाद मागत बसत नाही हे खरे. पण तो भिजत उभाही राहत नाही. जवळची वळचण गाठतो. अनोळखी घराच्या ओसरीवर चढतो. त्या घरातले माणूस ‘तुम्ही पावसाला काय बोललात म्हणून त्याने झोडपले?’ असे त्याला विचारीत नाही, की ‘पाच वर्षे भिजत होतात, मग आजच कसे आलात?’ असेही म्हणत नाही. अंग पुसायला पंचा पुढे करते आणि चहाचे विचारते.

नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला मात्र हे दोन्ही प्रश्न विचारले जातात, आणि पुष्कळदा ते विचारणारी माणसे तिच्या प्रेमाचीच असतात. ‘ती सोडून का आली नाही?’ हा प्रश्न तर इतका सर्रास झाला आहे, की त्याचे उत्तर मिळावे अशी विचारणाऱ्याचीही अपेक्षा नसते. माझा व्यवसाय वाङ्मय वाचण्याचा. तेव्हा आपल्या नाटकांनी आणि आत्मकथनांनी ह्या प्रश्नाचे काय उत्तर दिले आहे, अशा बाईची सुटका कशाने होते असे त्यांतून दिसते, हे एकदा पाहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. सणासुदीला हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण दिवाळी हा लेकी माहेरी येण्याचा सण आहे, आणि ह्या प्रश्नाची एक किल्ली माहेराच्या दाराशीच आहे.

आरंभ ‘एकच प्याला’पासून करावा लागतो. राम गणेश गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची, आणि सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. भरजरी शालूंसाठी ज्यांची ख्याती ते बालगंधर्व ठिगळे लावलेले लुगडे नेसून उभे राहिले, आणि त्या ठिगळांनी महाराष्ट्राला जेवढे रडवले तेवढे शालूंनी कधी हसवलेही नसेल. कथा सर्वांना ठाऊक आहे. सुधाकर हुशार वकील. अपमानाने पोळतो, दारूकडे वळतो आणि घर धुळीला मिळवतो. सिंधू लोकांचे दळण दळून संसार रेटते. शेवटी दारूच्या धुंदीत सुधाकर काठी चालवतो. तान्हे मूल दगावते, सिंधू मरणाच्या दारी पडते. आणि मग फौजदार येतो.

फौजदाराचे काम नाटकात लहानसे आहे. मला ते फार मोठे वाटते. सिंधूच्या घरात काय चालले आहे ह्याची विचारपूस करायला सरकार पहिल्यांदा तिच्या दारात येते ते ह्या क्षणी. आणि सिंधू त्याला सांगते, की मला कुणी मारले नाही, मीच पडले. ह्या ठिकाणी नाट्यगृहात रुमाल निघतात. मी पाहिलेल्या प्रत्येक प्रयोगात ते निघाले. मरतामरताही नवऱ्याला वाचवणारी ती पतिव्रता, असा प्रेक्षकाचा भाव असतो, आणि गडकऱ्यांनाही तोच अभिप्रेत होता ह्यात मला संशय नाही. पण मोठ्या लेखकाच्या हातून त्याच्या हेतूपेक्षा अधिक काही लिहिले जाते. सिंधूचे हे खोटे त्या एका दिवशी जन्मलेले नाही. सबंध नाटकभर ती नवऱ्याचे झाकीतच आलेली आहे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे ज्या घरात शिकवले जाते त्या घरात खोटे बोलण्याचा सराव लवकर होतो. शेवटची जबानी ही त्या सरावाची फक्त अखेरची उजळणी.

आणि समजा, ती खरे बोलली असती. समजा, महिनाभर आधी, मूल जिवंत असताना बोलली असती. पुढे काय? १९१९ साली पांढरपेशा हिंदू बाईला घटस्फोट नव्हता. हातात सनद नाही, पगार नाही. जाते तेवढे होते. इथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण ती मी कुठे वाचलेली नाही. ह्याच नाटकात सुधाकराची बहीण शरद आहे. ती बालविधवा. तिच्या पुनर्विवाहाचा विचार नाटकात उघडपणे चालतो, त्यावर माणसे भांडतात, पण विचार चालतो. विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ सालीच कायद्याने मान्यता मिळालेली होती. म्हणजे एका छपराखाली दोन बायका आहेत. जिचा नवरा मेला आहे तिच्यापुढे निदान एक वाट दिसते. जिचा नवरा जिवंत आहे तिच्यापुढे एकही नाही. गडकऱ्यांनी ही जोडी जाणूनबुजून मांडली असेल असे मला वाटत नाही. तशी ती मांडली गेली आहे खरी.

आणि पुण्याचा इतिहास पाहिला तर नाटक काही वावगे सांगत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली आपल्या घरी प्रसूतिगृह काढले ते फसवल्या गेलेल्या विधवांसाठी. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८९० साली मुंबईहून पुण्यास आले ते प्रामुख्याने विधवांसाठी. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली आश्रम काढला तोही विधवांचाच. ह्या माणसांच्या थोरवीला त्यामुळे यत्किंचित उणेपणा येत नाही. त्यांनी जे केले तेवढ्यासाठीच त्यांना दगड खावे लागले. परंतु विधवेला आश्रम देणारा समाज सधवेला आश्रम द्यायला कचरत होता, कारण सधवेला आश्रम देणे म्हणजे एका जिवंत पुरुषावर ठपका ठेवणे. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात सेवासदन निघाले आणि परिचारिका, शिक्षिका अशा कामांचे शिक्षण बायकांना मिळू लागले, तेव्हा कुठे ह्या कोंडीला पहिली फट पडली. नाव मारहाणीचे नव्हते. शिकवणीचे होते. पण ज्या बाईला महिन्याचा पगार मिळू लागतो तिला खोटे बोलण्याची गरज थोडी कमी होते.

आता सिंधूच्या भावाकडे वळू. पद्माकर श्रीमंत आहे, बहिणीवर त्याची माया आहे, मदतीला तो तयार आहे. तरीही सिंधू माहेरची मदत नाकारते. प्रेक्षक ह्याला तिचा मानीपणा समजतो. मला त्यात आपल्या माहेराच्या रीतीचे अचूक चित्र दिसते. माहेर हे पाहुणपणाचे घर आहे. दिवाळीला, मंगळागौरीला, बाळंतपणाला तिथे येता येते. तिथे येऊन राहता येत नाही. चार दिवसांच्या लाडाची जी माहेरवाशीण, तीच पाचव्या महिन्यात ‘आमच्याकडे आलेली’ होते. मग शेजारीपाजारी चौकशा करतात, धाकट्या बहिणीचे लग्न अडते, भावजयीच्या कपाळाला आठी पडते, आणि आई एके दिवशी डोळे पुसत ‘जा बाई आपल्या घरी’ म्हणते. पुण्याजवळच्या मुळशी भागात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, आणि तो संग्रह लाखाच्या वर गेला. त्या ओव्यांतून सासुरवास पुन्हा पुन्हा सांगितलेला आहे. सांगितला आहे तो मात्र जात्याला. जाते ऐकून घेते आणि कुणाला सांगत नाही. सिंधूही दळतच होती.

ह्याच पुण्यात माहेराच्या कल्पनेला एक मोठे सुंदर वळण मिळाले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. हिंगण्याच्या संस्थेने ‘भाऊबीज’ निधी सुरू केला. सख्ख्या बहिणीच्या ताटात घालायच्या ओवाळणीबरोबर थोडी ओवाळणी अनोळखी बहिणींसाठी काढून ठेवावी, कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून ती जमवावी आणि तीतून त्यांचे शिक्षण व्हावे, अशी ती योजना. भाषणे करून जे साधले नसते ते एका सणाच्या मनोवृत्तीला हात घालून साधले. बहीण दारात येऊन उभी राहण्याची वाट न पाहता ओवाळणी तिच्याकडे जाते, आणि तीही वह्यापुस्तकांच्या, राहण्याजेवणाच्या रूपाने. पद्माकराला हे सुचले असते तर नाटक वेगळे झाले असते.

भाषाही ह्या बाबतीत निष्पाप नाही. ‘टाकलेली’ हा शब्द आपल्याकडे आहे. तो जरा संस्कृत करून ‘परित्यक्ता’ म्हटले तरी अर्थ तोच: कर्ता नवरा, आणि बाई हे कर्म. जी स्वतःहून निघाली तिला काय म्हणायचे? ‘नवऱ्याला सोडून आलेली’ असे तीन शब्द जुळवावे लागतात आणि तेही खालच्या आवाजात. ‘नांदणे’ हे क्रियापद बाईचे, ‘नांदवणे’ नवऱ्याचे. मात्र ही गोष्ट पांढरपेशांच्या भाषेची आहे, हे विसरू नये. गावोगावच्या पुष्कळ जातींत काडीमोड होती, फारकत होती, पाट होता. पंचांपुढे काडी मोडली की बाई मोकळी होऊन दुसरे घर करू शके. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला तेव्हा त्याने घटस्फोट आणला हे आपण सांगतो. पण ज्यांच्या रूढीत तो आधीपासून होता त्यांची ती रूढीही त्याने कायम ठेवली, हे सांगायचे राहून जाते. वरच्या मानल्या गेलेल्या जातींनी सुधारणा म्हणून जे मिळवले ते खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या घरी व्यवहार म्हणून नांदत होते. त्या व्यवहारातही बाईची सोय थोडी आणि पंचांची मर्जी फार, हा भाग निराळा.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले आणि पाठोपाठ ‘हिंदोळ्यावर’ आली, तेव्हा लेखिका कोण ह्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी ती काय सांगते ह्यावर झाली नाही. विभावरी शिरूरकर ह्या नावाआड पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून प्रसिद्ध झालेल्या लेखिका होत्या, आणि हिंगण्याच्या संस्थेत त्यांनी शिकवले होते. ‘हिंदोळ्यावर’ची अचला नवऱ्यापासून दूर झालेली आहे, आणि कादंबरी सुरू होते ती हे दूर होणे झाल्यानंतर. ही गोष्ट मला मोलाची वाटते. आपले लेखक बहुधा बाई उंबरठा ओलांडते तिथे पडदा पाडतात. दार आपटल्याचा आवाज नाट्यगृहात चांगला घुमतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा कुठे पिते? मुलाचे नाव कुठल्या शाळेत घालते? घरमालकाला काय सांगते? मालतीबाईंनी निदान तिकडे पाहिले.

विजय तेंडुलकरांनी ह्या दुसऱ्या दिवसाचे एक भयंकर उत्तर १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’मध्ये दिले. नाटकावर बंदीचे वादळ उठले ते अश्लीलतेच्या नावाखाली. त्या गदारोळात एक साधी गोष्ट दिसेनाशी झाली. नवऱ्यांनी टाकलेल्या किंवा नवऱ्यांना सोडून आलेल्या बायका सखारामाच्या घरी येतात, कारण दुसरे घर नाही. सखाराम त्यांना राबवतो, मारतो, भोगतो. पण पहिल्याच दिवशी नियमही सांगतो, की पटले नाही तर केव्हाही जा, साडीचोळी आणि जिथे जायचे तिथले तिकीट मिळेल. मराठी रंगभूमीवरचा हा बहुधा एकमेव पुरुष, ज्याने निघून जाणाऱ्या बाईच्या गाडीभाड्याचा विचार केला! तेंडुलकरांचा हा उपरोध जिव्हारी लागणारा आहे. आणि चंपाचा नवरा कोण? बडतर्फ झालेला फौजदार. गडकऱ्यांचा फौजदार दाराशी येऊन विचारून तरी गेला; अर्ध्या शतकानंतर तेंडुलकरांनी त्यालाच नवरा करून घरात बसवला. चंपा त्याला सोडून आली, आणि ज्या घरी आली त्या घरी तिचा गळा दाबला गेला. सोडून आल्याने धोका संपत नाही. निघण्याचा आणि त्यानंतरचा काळच सर्वांत जोखमीचा असतो, हे अशा बायकांबरोबर काम करणारे सगळे सांगतात. तेंडुलकरांना ते रंगभूमीवर कळले होते.

‘कन्यादान’ हे १९८३ चे नाटक मला ह्याहून अवघड वाटते. ज्योती देवळालीकर शिकलेली आहे, मिळवती आहे. आईबाप समाजवादी चळवळीतले, तिच्यावर जीव टाकणारे. सिंधूजवळ जे जे नव्हते ते सगळे तिच्याजवळ आहे. तरीही मारणाऱ्या नवऱ्याकडे ती परत जाते आणि बापाला आपल्या आयुष्याबाहेर काढते. पगार आणि माहेर असले की बाई सुटते, असे म्हणणाऱ्यांना हे नाटक गप्प करते. नवरा दलित कवी दाखवल्याबद्दल दलित वाचकांनी आक्षेप घेतले आणि ते मला रास्त वाटतात. मारहाणीला जात नसते, सुधाकर काही महारवाड्यातला नव्हता. पण ज्योतीच्या बाबतीत तेंडुलकरांची नजर चुकलेली नाही. तिला परतायला जे घर आहे ते तिच्यासाठी मोकळे नाही. बापाने ह्या लग्नाला आपल्या तत्त्वाची कसोटी करून ठेवले आहे आणि आईने पहिल्या दिवसापासून धोका बोलून दाखवला आहे. परत यायचे तर एकाचे तत्त्व मोडायचे किंवा दुसऱ्याचे भाकीत खरे करायचे. ‘माणूस बदलतो’ ह्या विश्वासावर ती वाढली, आणि तोच विश्वास तिच्या पायातली बेडी झाला. तिचे नुसते ऐकून घेणारे, त्यातून काही सिद्ध करू न पाहणारे असे माणूस त्या घरात एकही नाही.

आणि नुसते छप्परही पुरत नाही. शांता निसळांच्या ‘बेघर’वरून जब्बार पटेलांनी १९८२ साली ‘उंबरठा’ काढला. त्यातली सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षक होऊन जाते आणि पाहते, की आश्रम हेही एक सासरच आहे. फक्त सासूच्या जागी समिती आहे. स्मिता पाटीलने ते वैफल्य ज्या संयमाने उभे केले त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी भर घालीत नाही.

त्याच वर्षी पुण्यात विवाहित तरुणींच्या संशयास्पद मृत्यूंनी शहर अस्वस्थ झाले होते. त्यांतील एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ साली तिथे आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. त्या निवाड्यात मी शिरत नाही. ह्या लेखाला लागू असलेली गोष्ट निराळी आहे. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला आणि ‘मी एक मंजुश्री’ ह्या नावाचे प्रदर्शन गावोगाव नेले. नावातला ‘मी’ पाहा. मेलेल्या एका मुलीविषयी हळहळ म्हणून ते नाव ठेवलेले नाही. पाहायला येणारी प्रत्येक बाई तो ‘मी’ मनात उच्चारून पाहील अशी ती योजना आहे. मंचाने पुढे जे केंद्र काढले त्याचे नाव ‘बोलते व्हा’. सिंधूच्या जबानीला साठसत्तर वर्षांनी मिळालेले हे पुण्याचे उत्तर, असे मला नेहमी वाटत आले आहे. ह्या केंद्राने आधी छप्पर दिले नाही, कायदा दिला नाही. आधी खुर्ची दिली आणि समोर ऐकणारी बाई बसवली. ज्या बाईला एका ठिकाणी तरी खरे बोलता येते, तिला दुसऱ्या ठिकाणी खोटे बोलणे जड जाऊ लागते. मंचाने पुढे पुरुषांसाठीही संवाद केंद्र काढले, ते मला अधिकच धाडसाचे वाटते. (विद्याताई ३० जानेवारी २०२० रोजी गेल्या. त्यांनी १९८९ साली सुरू केलेले ‘मिळून साऱ्याजणी’ अनेक घरांत नवऱ्याच्या उशाखालीही सापडत असे, असा विनोद आम्ही करीत असू.)

ह्या खुर्चीची गरज किती आहे हे आकडेही सांगतात. २०१९ ते २०२१ ह्या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले, की देशात मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या शंभर बायकांपैकी फक्त १४ जणींनी कुणाची तरी मदत मागितली. ७७ जणींनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलेही नाही. ज्यांनी मागितली त्यांतल्या बहुतेकजणी प्रथम आपल्या माहेरच्यांकडे गेल्या. पोलिसांकडे गेलेल्या फारच थोड्या. म्हणजे फौजदारापेक्षा आजही पद्माकराचे दारच आधी वाजते, आणि ते कसे उघडते ह्यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

मधल्या काळात कायदा पुष्कळ पुढे आला. १९८३ साली छळाविषयीचे ४९८-अ कलम आले. आता ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ ह्या क्रमांकांनी आहे. मला अधिक मोलाचा वाटतो तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा, ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेला. कारण त्याने प्रश्नच उलटा केला. घर कुणाच्याही नावावर असो, बाईला त्यात राहण्याचा हक्क आहे. आणि जरूर तर न्यायाधीश मारणाऱ्यालाच घराबाहेर जायला सांगू शकतो. सासऱ्याच्या मालकीचे घरही ह्यात येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. ‘ती सोडून का गेली नाही?’ ह्या प्रश्नाला कायद्याने विचारलेला हा उलटा प्रश्न: तिनेच का जावे? आपल्या एकाही नाटककाराला तो सुचला नाही. सुचला असता तर ‘एकच प्याला’च्या पाचव्या अंकात सुधाकर काखोटीला गाठोडे मारून निघाला असता. अर्थात कागदावरचा हक्क बजावायला कचेरीत दहा खेपा घालाव्या लागतात, आणि त्या घालताना बरोबर कुणी असावे लागते. संरक्षण अधिकारी नेमलेला असतो. त्याच्याकडे जाण्यासाठी रिक्षाचे पैसे आणि मूल सांभाळणारी शेजारीण असावी लागते.

ह्या बारक्या गोष्टी नाटकांत मिळत नाहीत. त्या मिळतात बायकांनी स्वतः लिहिलेल्या आत्मकथनांत, आणि म्हणून मला ती ह्या विषयात नाटकांपेक्षा थोर वाटतात. शांताबाई कांबळ्यांचे ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्यात मारहाणीपेक्षा सवतीचे दुःख आहे. नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा ही बाई माहेरी निघून आली. सोलापूर जिल्ह्यातली ती पहिली दलित शिक्षिका; तिच्याजवळ शाळेची नोकरी होती. पुढे संसार पुन्हा जुळला. पण निघताना आणि परतताना दोन्ही वेळा आपला पगार घेऊन चालणारी ही नायिका मराठीत नवी होती, आणि शांताबाईंनी तिचे कौतुक करायला एक ओळदेखील खर्च केलेली नाही. गाव, शाळा, भाकरी, बदली; ह्याच क्रमाने सगळे सांगितले आहे. पगाराने मार थांबतोच असे नाही, हेही लक्षात ठेवावे. कित्येक घरांत पगाराच्या तारखेलाच काठी निघते. पगाराने एवढेच होते, की निघायचे ठरले तर तिकीट सखारामाकडे मागावे लागत नाही.

बेबी कांबळ्यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने १९८६ साली येण्याआधी पुण्याच्या ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातले वीरगाव हे त्यांचे आजोळ. तिथल्या महारवाड्याचे असे चित्र दुसऱ्या कुणी काढलेले नाही. त्यात सासुरवास सोसवेना म्हणून पळालेल्या सुनेची हकीकत आहे. ती माहेरी पोचते. बाप आणि भाऊ तिला मारीत परत आणून घालतात. मग सासरची माणसे तिच्या पायात लाकडाचा जड खोडा अडकवतात, आणि तो ओढीत, पाय सोलवटलेला, तिने घरकाम करायचे असते. हे वर्णन वाचताना हात थांबतो. बेबीताई ते आवाज न चढवता लिहितात. महारवाड्यातल्या बायकांची इतकी दुःखे ह्या पुस्तकात आहेत, आणि लेखिकेच्या स्वतःच्या संसाराविषयी मात्र जवळजवळ काही नाही.

ते का नाही, हे पुढे कळले. २००८ साली माया पंडितांनी केलेला इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला, आणि त्यासाठी त्यांनी घेतलेल्या मुलाखतीत बेबीताईंनी सांगितले, की नवरा त्यांनाही मारीत असे, संशय घेत असे. आणि आपले लिहिणे त्यांनी वीस वर्षे त्याच्यापासून लपवून ठेवले होते. फलटणला त्यांचे छोटेसे वाणसामानाचे दुकान होते. माल बांधायच्या रद्दीतले कागद वाचता वाचता त्यांना वाचनाची गोडी लागली आणि दुकानात बसूनच त्या लिहू लागल्या. मॅक्सीन बर्नसन ही फलटणला येऊन राहिलेली विदुषी त्यांना भेटली, तिने विचारले, आणि वह्या बाहेर आल्या. पुस्तक छापून झाल्यावरही वीसबावीस वर्षे आपल्या मारहाणीची गोष्ट त्या बोलल्या नव्हत्या. सगळ्याच बायकांच्या वाट्याला ते होते, त्यात माझे निराळे काय सांगायचे, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे होते. अनुवादिकेने समोर बसून विचारले, तेव्हा त्यांनी ते सांगितले.

पुस्तक लहान आहे. दिवाळीच्या सुटीत दोन बैठकींत वाचून होते. ज्यांना जमेल त्यांनी खोड्याचे पान वाचताना ही मुलाखतही शेजारी ठेवावी. दुकानात गिऱ्हाइकाला साखर बांधून देणारी आणि उरलेल्या वेळात लिहिणारी ती बाई मग त्या पानावर दिसू लागते.